थैलीशहा, सत्ता आणि मतदार : सरकार उलथवण्याच्या आरोपांची उलटतपासणी

शिरड शहापूर (जि. हिंगोली), प्रतिनिधी - धनिकांनी थैल्या मोकळ्या सोडल्या आणि सरकार कोसळले, हा आरोप महाराष्ट्राच्या राजकारणात इतका परिचयाचा झाला आहे, की तो ऐकून आता कोणी दचकत नाही. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी ओळखले जाणारे गाव. मराठवाड्यातील कोणत्याही गावाप्रमाणे येथेही 'सदस्य सहलीला गेले' या तीन शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत, सत्तांतराची चाहूल लागली की लोकप्रतिनिधी गावाबाहेर, जिल्ह्याबाहेर, प्रसंगी राज्याबाहेर जातात. ते परततात तेव्हा खुर्चीवरील माणूस बदललेला असतो. मधल्या काळात कोणी कोणाला काय दिले, याची चर्चा चहाच्या टपरीवर पुष्कळ होते. चौकशी मात्र क्वचितच होते.

श्रीमंत उद्योजक आणि व्यापारी निवडून आलेले सरकार खरोखरच उलथवू शकतात काय? असे आरोप जगात कोठे झाले आणि त्यांचे पुढे काय झाले? महाराष्ट्रातील आरोप त्यांच्याशी कितपत जुळतात? आणि मुख्य म्हणजे, असा आरोप कानावर आल्यावर सामान्य मतदाराने तो पारखावा कसा? या प्रश्नांची उत्तरे शोधताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. आरोप खरा की खोटा, यापेक्षाही तो शपथेवर तपासला गेला की नाही, यावर लोकशाहीचे आरोग्य अधिक अवलंबून असते.

आरोपाच्या तीन पायऱ्या

'कारस्थान' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. वस्तुतः पैसा आणि सत्ता यांच्या संबंधाच्या किमान तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी प्रभावाची. उद्योजक पक्षांना देणग्या देतात, मंत्र्यांना भेटतात, आपल्या सोयीची धोरणे व्हावीत म्हणून प्रयत्न करतात. हे अनेकदा खटकणारे असले, तरी नियमांच्या चौकटीत राहिल्यास बेकायदा नाही. दुसरी पायरी खरेदीची. येथे मतदाराने दिलेला कौल लोकप्रतिनिधीमार्फत विकला जातो. सभागृह तेच, माणसे तीच, फक्त बेरीज बदलते. मराठीत याला 'घोडेबाजार' असा समर्पक शब्द आहे. तिसरी पायरी बंडाची. येथे सभागृहाची बेरीजही नको असते. सैन्य, सशस्त्र जमाव किंवा आणीबाणीचे निमित्त पुढे करून सरकार बाजूला सारले जाते.

पहिल्या पायरीवरील व्यवहाराला तिसऱ्या पायरीचे नाव दिले, की खऱ्या आरोपाची धार बोथट होते. उलट, तिसऱ्या पायरीवरील हालचालींकडे 'असे काही होत नसते' म्हणून पाहिले, तर सावध होण्याची वेळ निघून जाते. या दोन्ही चुकांची उदाहरणे इतिहासात आहेत.

अमेरिका, १९३४ : सेनानीची साक्ष

या विषयातील सर्वांत गाजलेले प्रकरण अमेरिकेतील आहे. मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले, तेव्हा महामंदीने देश पोखरला होता. बँका बुडत होत्या, बेकारी शिगेला पोहोचली होती. रूझवेल्ट यांनी डॉलरची सोन्याशी असलेली बांधीलकी तोडली आणि सरकारी खर्चाचे मोठे कार्यक्रम हाती घेतले. धनिक वर्गाच्या एका गटाला ही आपल्या संपत्तीवरील धाड वाटली. दुसरीकडे पहिल्या महायुद्धातून परतलेले लाखो माजी सैनिक असंतुष्ट होते. बोनसची रक्कम लवकर मिळावी म्हणून १९३२ मध्ये त्यांनी राजधानी वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकला होता आणि सैन्य आणून त्यांना हुसकावण्यात आले होते. पैसा एका बाजूला, संताप दुसऱ्या बाजूला. दोहोंची सांगड घालणारा कोणी भेटला तर काय होईल, हा प्रश्न त्या काळात अगदीच काल्पनिक नव्हता. इटलीत मुसोलिनी आणि जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेले होते.

मरीन दलातून १९३१ मध्ये निवृत्त झालेले मेजर जनरल स्मेडली बटलर हे माजी सैनिकांचे लाडके सेनानी. शौर्यासाठीचे अमेरिकेतील सर्वोच्च पदक त्यांना दोनदा मिळाले होते. नोव्हेंबर १९३४ मध्ये त्यांनी अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या विशेष समितीसमोर शपथेवर जी साक्ष दिली, तिने खळबळ उडाली. त्यांच्या म्हणण्यानुसार, जुलै १९३३ मध्ये जेराल्ड मॅग्वायर नावाचा रोखे विक्रेता त्यांना भेटला. प्रथम त्याने माजी सैनिकांच्या अधिवेशनात सुवर्णपरिमाणाच्या बाजूने भाषण करण्याची विनंती केली. एका भेटीत त्याने हॉटेलच्या खोलीतील पलंगावर हजार-हजार डॉलरच्या अठरा नोटा टाकल्या. पुढे शिवणयंत्रांच्या व्यवसायातील प्रचंड संपत्तीचे वारसदार रॉबर्ट स्टर्लिंग क्लार्क यांनी बटलर यांची भेट घेतली. आपल्याकडे तीन कोटी डॉलर आहेत आणि त्यांतील निम्मे वाचवण्यासाठी उरलेले निम्मे खर्च करण्याची तयारी आहे, असे क्लार्क म्हणाल्याचे बटलर यांनी सांगितले.

ऑगस्ट १९३४ मध्ये मूळ बेत उघड झाला, असे ही साक्ष सांगते. मॅग्वायर युरोपात जाऊन तेथील माजी सैनिकांच्या संघटना पाहून आला होता. पाच लाख माजी सैनिकांची संघटना उभारायची, बटलर यांनी तिचे नेतृत्व करत वॉशिंग्टनवर चालून जायचे, रूझवेल्ट यांना नामधारी अध्यक्ष म्हणून ठेवायचे आणि खरा कारभार नव्या पदावर नेमलेल्या माणसाच्या हाती द्यायचा, असा तो बेत. सुरुवातीला तीस लाख डॉलर हाताशी आहेत आणि गरज पडल्यास तीस कोटी मिळू शकतात, असा दावाही त्याने केला होता.

बटलर यांनी येथे जे केले ते महत्त्वाचे आहे. ते लगेच ओरडत सुटले नाहीत. त्यांनी पॉल फ्रेंच या फिलाडेल्फियातील पत्रकाराला विश्वासात घेतले. फ्रेंच स्वतः मॅग्वायरला भेटला आणि त्याने समितीसमोर बटलर यांच्या म्हणण्याला दुजोरा देणारी स्वतंत्र साक्ष दिली. समितीने बँकेची कागदपत्रे तपासली, मॅग्वायरने युरोपातून धाडलेली पत्रे मिळवली. मॅग्वायरने सर्व आरोप नाकारले. मात्र पैशाचा हिशेब देताना त्याच्या उत्तरांत विसंगती आढळली.

फेब्रुवारी १९३५ मधील अहवालात समितीने असा निष्कर्ष काढला, की असा प्रयत्न चर्चिला गेला होता, त्याची आखणी झाली होती आणि पैसा पुरवणाऱ्यांना योग्य वाटले असते तर तो अमलातही आला असता. संघटना उभारण्याविषयीचे थेट विधान वगळता बटलर यांच्या साक्षीतील संबंधित बाबींची आपण खातरजमा केली, असेही समितीने नमूद केले.

आणि तरीही कोणावर खटला चालला नाही. क्लार्क परदेशात होते. त्यांची साक्ष झाली नाही. साक्षीत ज्या बड्या नावांचा उल्लेख होता, त्यांना ऐकीव पुराव्याच्या सबबीखाली बोलावण्यातच आले नाही आणि ती नावे प्रसिद्ध झालेल्या प्रतीतून गाळण्यात आली. गाळलेला मजकूर १९३५ मध्ये जॉन स्पिव्हॅक या पत्रकाराने उजेडात आणला. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅग्वायरचा वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी न्यूमोनियाने मृत्यू झाला आणि दुवा साधणारा एकमेव माणूस काळाच्या पडद्याआड गेला. बड्या वृत्तपत्रांनी सुरुवातीलाच या प्रकरणाची टर उडवली होती. न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्याची संभावना मद्याच्या पेल्यावरील बंड अशी केली होती. आजही इतिहासकारांत एकमत नाही. मॅग्वायरच्या डोक्यात काहीतरी वेडे धाडस होते, हे बहुतेकांना मान्य आहे; पण त्यामागे कितपत खरी ताकद होती, यावर वाद आहे. विचार आणि कृती यांच्यातील अंतर किती होते, हे कळण्याची संधी चौकशी अर्धवट राहिल्याने हुकली.

लंडन, १९६८ : भारताच्या अखेरच्या व्हाइसरॉयच्या घरी

बंडाची कुजबुज केवळ मंदीच्या काळातच होते असे नाही. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांचे निवडून आलेले मजूर पक्षाचे सरकार आर्थिक अडचणीत होते. पौंडाचे अवमूल्यन आदल्याच वर्षी झाले होते. 'डेली मिरर' हे प्रचंड खपाचे दैनिक चालवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष सेसिल किंग यांना हे सरकार देशाला बुडवणार असे ठामपणे वाटत होते. ८ मे १९६८ रोजी ते भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांना लंडनमध्ये भेटले. सोबत त्यांचे सहकारी ह्यू कडलिप आणि शास्त्रज्ञ सॉली झुकरमन होते.

कडलिप यांनी पुढे लिहिलेल्या हकिगतीनुसार, देशात अनागोंदी माजून रक्तपात होईल, तेव्हा आणीबाणीच्या सरकारचे नेतृत्व कराल काय, असा सवाल किंग यांनी माउंटबॅटन यांना केला. झुकरमन यांनी हा उघड राजद्रोह आहे असे सुनावले आणि ते निघून गेले. माउंटबॅटन यांनीही नकार दिला. किंग यांनी मात्र या भेटीचे वेगळे वर्णन केले. कोणाची आठवण खरी, हे आता कोण सांगणार? यानंतरचा घटनाक्रम मात्र छापील आहे. १० मे रोजी किंग यांनी स्वतःच्याच दैनिकाच्या पहिल्या पानावर विल्सन यांनी जावे अशी मागणी करणारा लेख स्वाक्षरीनिशी लिहिला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्याच संचालक मंडळाने त्यांना पदावरून दूर केले. पंतप्रधान जागेवर राहिले, वृत्तपत्रसम्राट घरी गेला.

हे प्रकरण फुसके ठरले, कारण ज्याच्या हाती हत्यार द्यायचे तो माणूस तयार नव्हता. पैसेवाल्याच्या इच्छेला सैनिकाचा, नोकरशहाचा किंवा लोकप्रतिनिधीचा हात मिळाल्याशिवाय सरकार पडत नाही. बटलर आणि माउंटबॅटन या दोघांच्या नकारातून हेच दिसते.

चिली : जेथे हात मिळाला

जेथे तो हात मिळाला, तेथे काय झाले? चिलीमध्ये सप्टेंबर १९७० मध्ये समाजवादी नेते साल्वादोर अलेंदे यांना अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सर्वाधिक मते मिळाली. तेथील दूरध्वनी व्यवस्थेत मोठी मालकी असलेल्या आयटीटी या अमेरिकी कंपनीला आपली मालमत्ता जाण्याची भीती होती. अलेंदे यांना रोखण्यासाठी दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम देण्याची तयारी कंपनीने दाखवली होती, हे कंपनीचे संचालक आणि अमेरिकी गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख जॉन मॅकोन यांनी १९७३ मध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर स्वतःच सांगितले. 'एल मर्कुरिओ' या बड्या दैनिकाचे मालक ऑगस्तीन एडवर्ड्स सप्टेंबर १९७० मध्येच वॉशिंग्टनला जाऊन तेथील उच्चपदस्थांना भेटले होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये ट्रकमालकांच्या संपाने देशाची वाहतूक ठप्प झाली. अखेर ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. अलेंदे यांचा अध्यक्षीय प्रासादातच अंत झाला.

येथेही सावधपणे बोलले पाहिजे. बंड लष्कराने केले, कंपनीने नव्हे. परंतु सरकारविरोधात धनिकांनी प्रयत्न केले, ही गोष्ट चिलीच्या बाबतीत अफवा राहिली नाही. ती कागदपत्रांतून आणि शपथेवरील साक्षींतून सिद्ध झाली. सिनेटने चौकशी केली नसती, तर 'आयटीटीचा हात' ही आजही चहाच्या टपरीवरचीच गोष्ट राहिली असती.

महाराष्ट्र : बेरीज बदलली, हिशेब राहिला

आता घराकडे वळू. महाराष्ट्रात सशस्त्र बंडाचा आरोप कधी कोणी केलेला नाही. येथील वाद दुसऱ्या पायरीवरचा, म्हणजे बेरजेचा आहे. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासह शिवसेनेचे आमदार आधी सुरतला आणि नंतर गुवाहाटीला गेले. पक्षाच्या ५५ पैकी अखेरीस ४० आमदार त्यांच्या बाजूला गेले. २९ जून रोजी उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, ३० जून रोजी शिंदे यांनी शपथ घेतली आणि ४ जुलै रोजी १६४ विरुद्ध ९९ मतांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला.

हिंगोली जिल्हा या नाट्याचा केवळ प्रेक्षक नव्हता. कळमनुरीचे शिवसेना आमदार संतोष बांगर यांनी बंडानंतर ठाकरे यांच्या बाजूने उभे राहत जाहीरपणे अश्रू ढाळले होते. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी त्यांनी शिंदे यांच्या बाजूने मत दिले. निष्ठा का बदलली याची कारणे लोकप्रतिनिधी आपापल्या परीने सांगतात. शिंदे गटाने काँग्रेस आणि राष्ट्रवादीशी झालेली आघाडी, हिंदुत्व आणि निधीवाटपातील अन्याय ही कारणे दिली. विरोधकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा दिली आणि ती राज्यभर पसरली. खोके म्हणजे कोटी. हा आरोप बंड करणाऱ्यांनी सातत्याने फेटाळला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरोपाचे आणखी एक रूप दिसले. सत्ताधाऱ्यांच्याच बाजूचे आमदार रवी राणा यांनी आमदार बच्चू कडू यांच्यावर पैसे घेतल्याचा आरोप केला. कडू यांनी पुरावा मागितला, सत्ताधाऱ्यांत तणाव निर्माण झाला. मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीनंतर राणा यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि विषय मिटला. पुराव्याचा प्रश्न मात्र ना पुढे गेला, ना निकाली निघाला.

उद्योजकांचे नाव या चर्चेत थेट आले ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर दिलेल्या मुलाखतीत अजित पवार यांनी २०१९ मधील सत्तास्थापनेसाठी दिल्लीत झालेल्या बैठकीचा उल्लेख केला आणि तेथे उद्योगपती गौतम अदाणीही असल्याचे सांगितले. नंतर त्यांनी अदाणी बैठकीत नव्हते असा खुलासा केला. शरद पवार यांनी भेट अदाणी यांच्या निवासस्थानी झाल्याचे मान्य केले, पण राजकीय चर्चेत अदाणी सहभागी नव्हते असे सांगितले. याला सरकार उलथवण्याचा कट म्हणणे शब्दाचा अपव्यय ठरेल. ती चर्चा निवडणुकीनंतर नवे सरकार बनवण्याविषयी होती. तथापि राज्याचे सरकार कोणी बनवावे याची बोलणी एका उद्योगपतीच्या घरी झाली आणि मतदाराला ती पाच वर्षांनी, तीही परस्परविरोधी विधानांतून कळली, ही बाब किरकोळ नाही.

कायदा काय पाहतो, काय पाहत नाही?

शिवसेनेतील फुटीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय योग्य नव्हता आणि नव्या प्रतोदाला मान्यता देण्याचा अध्यक्षांचा निर्णय बेकायदा होता, असा निर्वाळा दिला. मात्र ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने जुने सरकार परत आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही.

या संपूर्ण लढाईत वाद पक्षांतराचा आणि अधिकारकक्षेचा होता. पैशाचा आरोप तेथे सिद्धही झाला नाही आणि खोटाही ठरला नाही. तो तपासण्याचा तो मंचच नव्हता. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा पक्षादेश मोडला का एवढे पाहतो; तो का मोडला हे पाहत नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीची सवलत काढून टाकली, पण निर्णय अध्यक्षांच्याच हाती राहिला आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचेच असतात.

लाचेच्या बाबतीत देशाला आधीच एक कटू अनुभव होता. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव यांचे सरकार अविश्वास ठरावातून २६५ विरुद्ध २५१ मतांनी बचावले. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना त्यासाठी पैसे दिल्याचा आरोप झाला. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदारांना घटनेचे संरक्षण असल्याचा निर्णय दिला. राव यांना खालच्या न्यायालयाने २००० मध्ये दोषी ठरवले, तर दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्दोष सोडले. १९९८ चा तो निर्णय ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने रद्द ठरवला. आता मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्या आमदार-खासदाराला सभागृहाच्या विशेषाधिकाराआड लपता येत नाही. पैशाच्या आरोपाची रीतसर चौकशी करण्याचा मार्ग त्यामुळे पूर्वीपेक्षा मोकळा झाला आहे.

दुसरा महत्त्वाचा निकाल १५ फेब्रुवारी २०२४ चा. २०१८ पासून अमलात आलेली निवडणूक रोख्यांची योजना न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवणाऱ्या या योजनेत सुमारे १६ हजार ५०० कोटी रुपयांचे रोखे विकले गेले होते. कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादा २०१७ मध्ये उठवली गेली होती; तोही बदल न्यायालयाने रद्द केला. कोणत्या कंपनीने किती रोखे घेतले आणि ते कोणत्या पक्षाने वटवले, हे त्यानंतरच जनतेला कळले. जे सहा वर्षे गुपित होते ते न्यायालयाच्या आदेशानंतर महिनाभरात संकेतस्थळावर आले. उघड करण्याची इच्छा असेल तर हिशेब सापडतो, हाच त्याचा अर्थ.

आरोप कसा पारखावा?

या सर्व प्रकरणांतून वाचकाला उपयोगी पडतील असे काही निकष काढता येतात.

पहिला निकष : आरोप करणारा शपथेवर बोलतो आहे काय? बटलर समितीसमोर बोलले, मॅकोन सिनेटसमोर बोलले. पायऱ्यांवरील घोषणा आणि वाहिनीवरील मुलाखत यांना तसे वजन नसते. दिलगिरी व्यक्त केली की त्या हवेत विरतात.

दुसरा निकष : स्वतंत्र दुजोरा आहे काय? एकाच गोटातील चार जणांनी तेच वाक्य चार वेळा उच्चारणे हा दुजोरा नव्हे. पॉल फ्रेंचने स्वतः जाऊन ऐकले, बँकेच्या कागदांनी वेगळे काही सांगितले, तेव्हा आरोपाला आधार मिळाला.

तिसरा निकष : पैसा कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याचा माग दिसतो काय? 'त्यांना फायदा झाला, म्हणजे त्यांनीच घडवले' हा तर्क कितीही आकर्षक वाटला, तरी तो पुरावा नाही. सत्तांतराचा लाभ अनेकांना होतो. त्यांतील प्रत्येक जण कटात सामील असतोच असे नाही. शिवाय एखाद्या समाजाकडे, प्रांताकडे किंवा धर्माकडे बोट दाखवून 'हे सगळे धनिकच तसे' असे म्हणणारा आरोप बहुधा पुराव्याअभावीच केलेला असतो.

चौथा निकष : मधल्या माणसापलीकडे चौकशी गेली काय? १९३४ मध्ये ती मॅग्वायरपाशी थांबली. बड्या नावांना प्रश्नच विचारला गेला नाही. त्यामुळे ते दोषीही ठरले नाहीत आणि निर्दोषही ठरले नाहीत. नव्वद वर्षांनंतरही संशय तसाच आहे. अर्धवट चौकशी निरपराध माणसावरही तितकाच अन्याय करते.

किंमत कोण मोजतो?

सरकार बदलले म्हणून सामान्य माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो, असे विचारले जाते. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक विकासकामांना स्थगिती दिली होती आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या होत्या. रस्ता, पूल, पाणीयोजना या गोष्टी मुंबईतील बेरजेवर अडतात किंवा सुटतात. बेरीज विचारांनी बदलली असेल तर तो राजकारणाचा भाग. ती पैशाने बदलली असेल, तर त्या पैशाची वसुली अखेर याच कामांतून होणार, अशी भीती नागरिकाला वाटली तर त्यात नवल नाही.

मतदारांनी २०२४ मध्ये आपला कौल दिला, मग आता हा विषय कशाला, असाही प्रश्न येतो. हिंगोलीने दिलेला कौल मात्र एकेरी नाही. लोकसभा निवडणुकीत हिंगोली मतदारसंघातून ठाकरे यांच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर निवडून आले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत कळमनुरीतून शिंदे यांच्या शिवसेनेचे संतोष बांगर पुन्हा विजयी झाले. निवडणूक माणूस निवडते. आरोपाचा निवाडा करत नाही. जिंकलेला उमेदवार त्यामुळे निर्दोष ठरत नाही आणि हरलेला दोषी ठरत नाही.

या बाबतीत विधिमंडळाला ग्रामपंचायतीच्या कायद्याकडून शिकता येण्यासारखे आहे. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाविरुद्ध तीनचतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तरी तेवढ्याने सरपंच जात नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेपुढे न्यावा लागतो आणि ग्रामस्थांनी गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करावे लागते. सदस्य कितीही सहली करून आले, तरी शेवटचा शब्द मत देणाऱ्याचा असतो. शिरड शहापूरच्या ग्रामस्थाला गावच्या कारभाऱ्याबाबत जो अधिकार आहे, तो राज्याच्या कारभाऱ्याबाबत नाही. बारा-तेरा कोटींच्या राज्याची ग्रामसभा भरवता येणार नाही, हे मान्य. परंतु बेरीज बदलणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला आपली कारणे, आपला प्रवासखर्च कोणी केला आणि आपल्या मालमत्तेत त्यानंतर काय बदल झाला, हे शपथेवर सांगायला लावणारी चौकशी अशक्य नाही. अमेरिकी समितीने १९३४ मध्ये ती निदान सुरू तरी केली होती. महाराष्ट्रात 'खोके' हा शब्द शब्दकोशात शिरण्याइतका रूढ झाला, पण त्याचा हिशेब विचारणारी समिती अद्याप बसलेली नाही.